मॉरिस नृत्य : नृत्यसंग्रह व हंगाम

इंग्लंडमधील एक पारंपरिक लोकनृत्यप्रकार. त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४४८ मधील असून त्यात लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नर्तकांना सात शिलिंग दिल्याची नोंद आहे. आरंभी दरबारी व नागरी करमणूक म्हणून प्रचलित असलेले हे नृत्य पुढे ग्रामीण श्रमिकांत रुजले. त्याच्या विविध शैलींपैकी कॉट्सवोल्ड शैली विशेष प्रसिद्ध आहे. तीत सामान्यतः सहा नर्तक दोन रांगांत उभे राहतात. त्यांच्या पोटऱ्यांवर घुंगरांचे पट्टे व हातांत रुमाल किंवा काठ्या असतात. साथीला पूर्वी एकाच वादकाने वाजवावयाची बासरी व लहान ढोलके असे. पुढे फिडल व कॉन्सर्टिना ही वाद्ये आली.

पारंपरिक मंडळाचा नृत्यसंग्रह गावापुरता मर्यादित असे. एकच धून अनेक गावांत वाजत असली, तरी पदन्यास व हस्तचलन गावागणिक भिन्न असत. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणाऱ्या व्हिटसन सणाचा सप्ताह हा नृत्याचा मुख्य हंगाम होय. नर्तक गावोगाव फिरून प्रयोग करीत व पैसे गोळा करीत. एकोणिसाव्या शतकात बहुतेक मंडळे मोडली आणि त्यांची नृत्ये केवळ वृद्धांच्या स्मरणात उरली.

ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन क्वॉरीचे मंडळ १८८७ मध्ये बंद पडले होते. पर्सी मॅनिंग या पुरातत्त्वप्रेमीच्या प्रयत्नाने ते १८९९ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी हिवाळ्यात काम थांबल्याने नर्तकांनी २६ डिसेंबर रोजी, म्हणजे हंगामाबाहेर, नृत्य केले. ते पाहून सेसिल शार्प या संगीतज्ञाने दुसऱ्या दिवशी विल्यम किंबर (१८७२–१९६१) या वादकाकडून पाच धुना टिपून घेतल्या. बेरोजगारीमुळे घडलेला हा प्रयोग पुनरुज्जीवनाचा आरंभ ठरला. किंबर व्यवसायाने गवंडी होता.

मेरी नील हिच्या लंडनमधील एस्परन्स क्लबातील श्रमिक मुलींनी १९०५ पासून ही नृत्ये शिकून सादर केली. शार्पच्या ‘द मॉरिस बुक’चे पाच भाग १९०७–१३ या काळात प्रसिद्ध झाले. नर्तकांच्या उत्स्फूर्ततेस नील, तर अचूक नोंदीस शार्प महत्त्व देई. त्यातून दोघांत तीव्र मतभेद झाले. शार्पच्या प्रात्यक्षिक पथकातील चार नर्तक १९१६ मध्ये युद्धात मारले गेले. त्यांत संगीतरचनाकार जॉर्ज बटरवर्थ होता.

सहा मंडळांनी १९३४ मध्ये स्थापिलेली ‘मॉरिस रिंग’ ही संघटना दीर्घकाळ पुरुषांपुरती होती. १९७५ मध्ये स्त्रियांच्या मंडळांचा स्वतंत्र महासंघ निघाला. मुद्रित नोंदींमुळे नृत्यसंग्रहाचे स्वरूप पालटले. आधुनिक मंडळ हिवाळ्यात अनेक गावांची नृत्ये शिकते आणि १ मेच्या पहाटेपासून उन्हाळाभर चौकांत व मद्यगृहांसमोर ती सादर करते. प्रत्येक ठिकाणचा क्रम जागा, वादक व उपस्थित नर्तकांची संख्या पाहून ठरतो. सहा जण नसल्यास एकट्याची किंवा जोडीची नृत्ये होतात. याउलट बॅम्पटन येथील मंडळे आजही मुख्यतः स्वतःच्या गावचीच नृत्ये करतात. त्यांचा मुख्य दिवस मात्र व्हिट सोमवारऐवजी मेमधील अखेरचा सोमवार झाला आहे, कारण सार्वजनिक सुटी त्या दिवशी नेण्यात आली. वेल्सच्या सीमेवरील शैलीतील चेहरा पूर्ण काळा रंगविण्याची प्रथा सोडण्याचा निर्णय मॉरिस संघटनांनी २०२० मध्ये जाहीर केला. परंपरा जपणे म्हणजे जुन्या नोंदींचे पालन की नाचणाऱ्यांचा निर्णय, हा नील–शार्प वादातील प्रश्न अशा प्रकारे प्रत्येक हंगामात मंडळांपुढे उभा राहतो.