जनगणनेतील दोन रकाने

जनगणना म्हणजे डोकी मोजण्याचे सरकारी काम, असे आपल्यातले पुष्कळजण मानतात. त्यांनी १९५१ आणि १९६१ चे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची नोंद होती २,४८७. दहा वर्षांनी ती झाली २७,८९,५०१. या दोन आकड्यांच्या मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ उभा आहे.

मी वर्धा जिल्ह्यातला. १९५१ ला आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, १९६१ ला महाराष्ट्रात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी या तेव्हाच्या तीन तहसिलींना नागपूर जवळ. माणसे गेली आणि बौद्ध होऊन परतली. इंग्रजी अमदानीतील खानेसुमारीने १९३१ पर्यंत त्यांची जात मोजली. ती जन्माने लादलेली होती. १९६१ च्या धर्माच्या रकान्यातला ‘बौद्ध’ हा शब्द मात्र त्यांनी स्वतः निवडलेला होता.

या शब्दाची किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींना हिंदू धर्माशी बांधले. १९५६ च्या दुरुस्तीत शिखांना जागा मिळाली, बौद्धांना नाही. ‘बौद्ध’ लिहिले की माणूस त्या गणतीतून बाद. राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचे दार १९९० पर्यंत बंदच होते. परिणाम पाहा : १९८१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के, दुरुस्तीनंतर १९९१ ला ११.०९ टक्के. माणसे होतीच, कायद्याला ती दिसत नव्हती. आणि राखीव मतदारसंघ तर याच संख्येवरून ठरतात!

सवलती जातील या भीतीने कित्येकांनी जुनीच नोंद ठेवली. त्यांना भित्रे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. पोराची शिष्यवृत्ती की स्वाभिमान, असा सवाल गरिबापुढे टाकणारी व्यवस्थाच दोषी होय.

आज ती सक्ती उरलेली नाही. धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीची नोंद कायम राहते. येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. म्हणजे दोन्ही रकाने महत्त्वाचे. प्रगणक आपल्या समजुतीने काहीही भरील, ही शक्यता प्रत्येक वस्तीत आहे. शिकलेल्या तरुणांनी आधीच घरोघर जाऊन हे समजावून सांगावे, आणि नोंद वाचून दाखविल्याशिवाय प्रगणकाला उंबरठ्यावरून हलू देऊ नये.