तगर आणि यवन : वसाहत कीं पेठ ?

ढोकीनजीक तेरणेच्या कांठीं वसलेलें तेर हेंच प्राचीन तगर, असें डॉ. फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें प्रतिपादन केलें व आतां तें सर्वमान्य झालें आहे. तत्पूर्वीं पं. भगवानलाल इंद्रजी जुन्नरास, तर डॉ. भांडारकर धारूरास तगर मानीत. तेर येथें रोमन धर्तीच्या वस्तू सांपडल्यामुळें त्या गांवीं यवनांची, म्हणजे ग्रीकांची, वसाहत होती असें पुष्कळदां बोललें जातें. या मताची छाननी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम ग्रीकांची वसाहत म्हणजे काय तें पाहूं. इ. स. पूर्व आठव्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत ग्रीकांनीं भूमध्य व काळ्या समुद्रांच्या कांठीं अनेक नगरें वसविलीं. त्यांचा देश डोंगराळ. पिकाऊ जमीन थोडी. वांटण्या, अवर्षण आणि नगरांतील कलह यांमुळें लोकांस घर सोडावें लागे. थेरा बेटावर सात वर्षें पाऊस पडला नाहीं, तेव्हां भावांभावांत चिठ्ठ्या टाकून माणसें निवडलीं, असें हिरोडोटस सांगतो. त्यांनीं सुमारें इ. स. पूर्व ६३० मध्यें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सायरीनी वसविलें. कॉरिंथकरांनीं सिसिलींत सिराक्यूज आणि फोकेआकरांनीं गॉल देशांत मासिलिया, म्हणजे आजचें मार्सेय, स्थापिलें. नेमलेला नायक पुढें असे. मातृनगरींतील अग्नि नेला जाई. नव्या भूमीचे भाग पाडून ते वांटीत. अशा नगरास ते ‘अपोइकिया’ म्हणत. यांतील ‘अपो’ हा आपला ‘अप’ आणि ‘ओइकोस’ हा ‘वेश’ म्हणजे घर, या शब्दाचा सगोत्र होय. घरापासून दूर मांडलेलें घर, असा त्याचा अर्थ.

दुसरा प्रकार ‘एम्पोरियन’, म्हणजे पेठ. मिसर देशांतील नौक्रातिस येथें ग्रीक व्यापारी फेअरोच्या अनुज्ञेनें राहात. तेथील भूमीचें स्वामित्व त्यांचें नव्हतें.

आतां तगराकडे वळूं. इ. स. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रंथाचा ग्रीकभाषी कर्ता दक्षिणापथांतील पैठण व तगर या दोन स्थळांस ‘एम्पोरियन’ हाच शब्द लावतो. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांनीं भडोचास जाई, असें तो लिहितो. तगरांत आपले देशबांधव राहातात, असें मात्र तो म्हणत नाहीं. माल बंदरावर येऊन पडत असतां परदेशी व्यापाऱ्यानें आंत इतक्या दूर बिऱ्हाड करण्याचें कारणच काय ?

यवन महाराष्ट्रांत राहिलेच नाहींत, असा आमचा आशय नव्हे. कार्ल्याच्या चैत्यांतील कित्येक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनीं दिले. जुन्नरच्या लेखांत इरिल नांवाचा यवन आहे. नाशकास उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त योनकानें लेणें खोदविलें. परंतु या दात्यांचे लेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत, दान बौद्ध संघास आहे, आणि बहुतेकांचीं नांवें येथल्या धाटणीचीं आहेत. मातृनगरीचा अग्नि घेऊन आलेल्या वसाहतकारांचें हें लक्षण नव्हे. येथल्या समाजांत मिसळून गेलेल्यांचें आहे. शिवाय ‘यवन’ हा शब्द मूळचा आयोनियन ग्रीकांचा वाचक. पाणिनि त्यांना ओळखतो. पुढें तोच शब्द मुसलमानांस लागला. म्हणून पोथींत किंवा बखरींत तो आढळतांच ग्रीक समजूं नये.

वस्तूंच्या पुराव्याचेंही असेंच. वस्तु व्यापाऱ्याच्या हातून हजार कोस जाते. तिच्यामागें तिची जात जातेच असें नाहीं. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडलें गेलें. तेथें भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली व तिच्याच वळणाची एक तेर येथेंही मिळाली. एवढ्यावरून पाँपेईंत तेरकरांची वसाहत होती असें कोणी म्हणणार नाहीं. मग तोच न्याय उलट बाजूनें कां लावूं नये ?

तेरच्या अवशेषांचा मोठा संग्रह कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या परिश्रमानें राखला गेला. संग्राहक बंधूंस आमची विनंती एवढीच कीं, नाणें अगर मृण्मूर्ति हातीं येतांच ती कोणत्या पांढरींत, कोणत्या थरांत व कशाच्या सोबतीनें मिळाली, याचें टिपण त्याच दिवशीं करावें. टिपणावांचून ती केवळ शोभेची वस्तु; टिपणासह ती साक्षीदार होय. तोंवर तगर ही यवनांनीं वसविलेली नगरी नसून, जिच्या कापडासाठीं यवनांचीं जहाजें भडोचास लागत अशी दक्षिणापथाची स्वतःची पेठ होती, असें आमचें मत आहे. आणि तेरच्या थोरवीस एवढें पुरेसें आहे.