गोल्फची संग्रहालयं आणि चेंबूरची सळई

न्यू जर्सीत लिबर्टी कॉर्नर इथे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचं, म्हणजे यूएसजीएचं, संग्रहालय आहे. तिथे ज्या वस्तूसमोर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ती खरं तर धड गोल्फची काठीसुद्धा नाही. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ मोहिमेचा प्रमुख ॲलन शेपर्ड याने चंद्रावर दोन चेंडू मारले, ते या काठीने. चंद्रावरची माती उचलायच्या अवजाराचा घडीचा दांडा, आणि त्याच्या टोकाला बसवलेलं सहा नंबरच्या लोखंडी काठीचं डोकं. स्पेससूट इतका ताठ होता की दोन्ही हातांनी धरणं जमेना, म्हणून गड्याने एका हातानेच हाणलं. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. १९७४ साली शेपर्डने ती काठी यूएसजीएला देऊन टाकली, आणि जुगाडाला काचेआड जागा मिळाली.

इथे एक खुलासा करतो. इंग्रजीत खेळाची काठीही क्लब आणि खेळणाऱ्यांची संस्थाही क्लब. घोटाळा नको म्हणून या लेखात काठीला काठीच म्हणेन.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याचा. गोल्फ मला खेळता येत नाही. आमचं हिंगोली १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होतं, त्यामुळे साहेब आमच्या भागाला नवे नव्हते. पण माझ्या वाट्याला आलेला काठीचा खेळ म्हणजे विटीदांडू. बाभळीचा दांडू, दोन्हीकडून तासलेली विटी आणि जमिनीत टाचेने कोरलेली गल. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं न्यू जर्सीत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी कुठली तरी संग्रहालयं पालथी घालायचो, त्यात हे एक सापडलं. पुढे स्कॉटलंडला जाणं झालं तेव्हा सेंट अँड्र्यूजचंही पाहिलं. दोन्हीकडे माझी नजर एकाच गोष्टीवर होती: काय जपलंय आणि कुणाचं जपलंय.

सेंट अँड्र्यूजचं संग्रहालय १९९० साली उघडलं आणि २०२१ मध्ये नव्या रूपात, ‘आर अँड ए वर्ल्ड गोल्फ म्युझियम’ या नावाने पुन्हा सुरू झालं. मैदान अगदी समोर. पलीकडे समुद्र, वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ सालीच गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागली होती. इतक्या जुन्या खेळाकडे जपायला भरपूर असणारच.

मला मात्र खरा रस चेंडूंत वाटला. सुरुवातीचे नावाजलेले चेंडू पिसांचे. चामड्याची छोटी पिशवी शिवायची, उंच हॅट भरेल इतकी उकडलेली पिसं तिच्यात कोंबून कोंबून भरायची आणि तोंड शिवून टाकायचं. वाळताना चामडं आवळतं, पिसं फुगतात, आणि दगडासारखा टणक चेंडू तयार होतो. कसलेला कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करायचा. साहजिकच महाग. पावसात भिजला की शिवण उसवायची.

मग गटापर्चा आला. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड झाला की कडक. ईस्ट इंडिया कंपनीचा सिंगापूरचा सर्जन विल्यम माँटगोमेरी याने १८४३ साली त्याचे नमुने लंडनला पाठवले. त्याचा चेंडू पहिल्यांदा कुणी केला याची जी कथा सांगतात ती ऐकून मी चमकलो. रॉबर्ट पॅटरसन नावाचा सेंट अँड्र्यूजचा एक गरीब विद्यार्थी. त्याच्या घरी पूर्वेकडून एक पार्सल आलं. आत विष्णूची मूर्ती, आणि ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले. पोराने ते तुकडे गरम करून वळले आणि चेंडू केला. मूर्ती भारतातून आली, असंही त्या कथेत सांगतात. गोष्ट जरा जास्तच जुळून आल्यासारखी वाटते, आणि शब्दशः खरी मानायला मी तयार नाही. पण तिची गंमत अशी की त्या पार्सलमधलं पॅकिंग इतिहासात अजरामर झालं आणि देव मागे राहिला.

या चेंडूने बनवणाऱ्यांची पोटं मारली. ॲलन रॉबर्टसन हा त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा कारखानदार. तो पोरांकडून गटापर्चाचे चेंडू विकत घेऊन जाळायचा असं सांगतात. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळताना दिसला, दोघांचं बिनसलं, आणि १८५१ साली मॉरिस गाव सोडून प्रेस्टविकला गेला. तिथेच १८६० साली आठ जणांत पहिली ओपन स्पर्धा झाली. रॉबर्टसननेही शेवटी हट्ट सोडला. १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ७९ फटक्यांत फेरी पुरी केली, तिथला ऐंशीच्या आतला तो पहिला आकडा.

इंजिनिअरला आवडेल असा भाग पुढे आहे. नवा गुळगुळीत चेंडू हवेत नीट उडेना, आणि मार खाऊन खरचटलेला जुना मात्र छान जाई. खेळाडूंच्या हे लक्षात आलं, वायुगतिकीचं कारण नंतर कळलं. मग नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडायला लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्यातूनच आले. आणि हाच गटापर्चा समुद्राखालच्या तारांवर आवरण म्हणून चढला. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली ती त्याच्याच जोरावर. म्हणजे माझ्या धंद्याचेही पूर्वज मलायाच्या जंगलात सापडतात. तारांची भूक भागवताना ती झाडं तोडून तोडून जवळजवळ संपवली. झाड पाडून चीक काढणाऱ्यांपैकी एकाचंही नाव या साऱ्या हकिकतीत येत नाही.

मुंबई मात्र या इतिहासात चक्क नावानिशी आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ चा, कलकत्त्याचा. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईचा, जो पुढे रॉयल बॉम्बे म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत या खेळाचा पाया पडायला अजून चार-पाच दशकं होती. मुंबईच्या या क्लबने १८४० च्या दशकात सेंट अँड्र्यूजच्या मंडळींना एक रौप्यपदक भेट दिलं. वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दुसऱ्या येणाऱ्या सभासदाला देतात ते ‘बॉम्बे मेडल’ हेच. पदक देणारा क्लब कधीच विरून गेला, पदक उरलं.

मुंबईच्या साहेबांचा गोल्फ पुढे नाशिकलाही गेला. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब तिथला. आज त्या क्लबचं काय उरलंय हे पाहायचं तर संग्रहालयात जायची गरज नाही, नाशिकच्या कुठल्याही रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणा. तो तुम्हाला एका मोठ्या मैदानावर नेऊन सोडेल. तिथे सकाळी लोक चालायला येतात, रणजीचे सामने होतात, सभा होतात, पण गोल्फची काठी औषधालाही दिसत नाही. मैदानाचं आजचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालणारा अनंत कान्हेरे. तो औरंगाबादला शिकत होता, म्हणजे आमच्या निजामी मुलखातून नाशिकला गेलेला पोरगा. १९ एप्रिल १९१० ला त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. साहेबांच्या मैदानाला साहेबाला मारणाऱ्याचं नाव दिलं गेलं. तरीही लोक म्हणतात गोल्फ क्लबच.

बडोद्याला वेगळंच. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३० च्या दशकात पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान केलं आणि त्याच आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालयही आहे. लोक तिथे रविवर्म्याची चित्रं पाहायला जातात, आणि ते बरोबरच आहे.

खासगी संग्राहकांचं जग मी फक्त लिलावांच्या सूच्यांतून पाहिलं आहे, पण त्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जेफ्री एलिस या अमेरिकन संग्राहकाच्या जुन्या काठ्यांचा संग्रह २००७ मध्ये सदबीजने न्यूयॉर्कला लिलावात काढला. त्यातला एक लांब डोक्याचा लाकडी पटर १,८१,००० डॉलरला गेला. त्यावर ‘ए.डी.’ अशी अक्षरं आहेत आणि तो लीथच्या अँड्र्यू डिकसनचा मानला जातो. हा डिकसन कोण, तर १६८० च्या सुमारास ड्यूक ऑफ यॉर्क लीथला खेळायचा तेव्हा त्याच्या काठ्या वाहणारा पोरगा. कॅडी म्हणून नोंद असलेला बहुधा पहिलाच. पुढे काठ्या घडवणारा कारागीर झाला आणि स्वतःची अक्षरं लाकडावर उमटवू लागला. त्या दोन अक्षरांमुळेच तो आज सापडतो.

हे वाचल्यावर मला चेंबूर पाहायचंच होतं. तिथे १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. क्लबमधले कॅडी भोवतालच्या वस्त्यांत राहतात. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा वाहायच्या, आणि आपला खेळ गल्लीत खेळायचा. काठी म्हणजे बांधकामाची सळई: एक टोक तापवून, ठोकून चपटं करायचं, वाकवायचं, मुठीला रबराची नळी. चेंडू प्लॅस्टिकचा, नाहीतर पत्रे आणि माणसं दोन्ही फुटतील. गटाराच्या कडेने, दोरीवरच्या कपड्यांखालून, समोरच्या जिन्याच्या पायरीवरून टप्पा देऊन चेंडू खड्ड्यात. देशोदेशीचे छायाचित्रकार येऊन याचे फोटो काढून गेले आहेत. गोल्फच्या मूळ कल्पनेशी, म्हणजे जमीन जशी असेल तशी घेऊन तिच्यावर खेळण्याशी, हे गल्लीतले लोक गुळगुळीत हिरवळीवाल्यांपेक्षा जास्त इमानदार आहेत असं मला वाटतं. सेंट अँड्र्यूजची पहिली मैदानंही मेंढ्यांनी चरलेली माळरानंच होती.

तिथे भेटलेले एक साठीचे काका जिंतूरकडचे निघाले. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांचं बोट धरून आलेले. “हट्टा म्हंजे वसमतचं का? मग आपलेच की तुम्ही,” म्हणाले आणि चहा सांगितला. त्यांच्या सळईचं डोकं इतकं नेमक्या कोनात ठोकलेलं होतं की मी मोबाइलवर मोजून पाहिलं. ही कधीची, असं विचारलं. “दोन वर्सं झाली आसतील. याच्या आधीच्या किती झाल्या, गिनती न्हाई. वाकली की भंगारात, दुसरी बनवायची.”

दिनकर केळकरांची आठवण झाली ती इथे. केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, खेळातल्या सोंगट्या जमवल्या. त्या वेळी लोकांच्या लेखी तो घरातला पसारा होता. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. पुण्यात मी कॉलेजात असताना पहिल्यांदा ते पाहिलं. एकेक अडकित्ता पाहत दुपार गेली. कुणी घडवला ते बहुतेकांवर लिहिलेलं नसतं. पण वस्तू आहे, म्हणून प्रश्न तरी विचारता येतो.

काकांना मी म्हटलं, काका, ही भंगारात टाकाल तेव्हा मला द्या, मी ठेवतो. ते हसले. आधी तुमचं नाव खिळ्याने कोरून द्या, असंही म्हटलं. त्यावर मात्र त्यांनी सळई हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कुठे कोरता येईल ते अंगठ्याने चाचपून बघितलं, आणि मूठ जरा खाली सरकवून म्हणाले, इथं बसल.