मेंढ्या वळण्याची उपजवृत्ती चाचणी

मेंढ्या वळण्यासाठी पैदास केलेल्या जातीचा, परंतु केवळ घरात वाढलेला कुत्रा प्रथमच मेंढ्यांसमोर आणून, त्याच्यात कळप वळण्याची आनुवंशिक प्रवृत्ती टिकून आहे की नाही, हे अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पाहण्याच्या पद्धतीस उपजवृत्ती चाचणी म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. देशांत ती प्रचलित असून बॉर्डर कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, केल्पी, जर्मन शेफर्ड इ. जातींची कुत्री तिच्यासाठी आणली जातात.

पार्श्वभूमी : मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची ब्रिटनमधील पहिली नोंदली गेलेली स्पर्धा 1873 मध्ये वेल्समधील बाला येथे झाली, तर अशा कुत्र्यांच्या वंशावळींची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी 1906 मध्ये स्थापन झाली. नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे 1893 मध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेंप’ हा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळ पूर्वज मानला जातो. पुढे यांपैकी अनेक जाती मेंढपाळाकडून शहरी घरात आल्या आणि निवड कामाऐवजी रूपावर होऊ लागली, त्यामुळे वंशावळ उत्तम असूनही कामाची प्रवृत्ती क्षीण झालेली कुत्री आढळू लागली. ती पारखण्याची गरज यातूनच निर्माण झाली.

वर्तनाचा आधार : कळप वळणे हे शिकारीचेच बदललेले रूप आहे. लांडग्याच्या शिकारीत भक्ष्यावर नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, चावा घेणे व ठार मारणे असे टप्पे असतात. माणसाने पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीमुळे या कुत्र्यांत आरंभीचे टप्पे ठळक झाले, तर अखेरचे दबले गेले. मेंढीच्या बाजूनेही एक नियम चालतो : तिच्याभोवती ठरावीक अंतराचे एक अदृश्य वर्तुळ, म्हणजे पलायनक्षेत्र असते आणि कुत्रा त्याच्या कडेशी येताच ती विरुद्ध दिशेला सरकते. म्हणून मेंढ्यांच्या एका बाजूस माणूस व बरोबर विरुद्ध बाजूस कुत्रा राहिला, की मेंढ्या आपोआप माणसाकडे येतात. या स्थितीस तोल म्हणतात.

पद्धती : चाचणी बहुधा छोट्या गोल आवारात, कुत्र्यांना सरावलेल्या तीन ते पाच मेंढ्यांवर घेतात; गाभण मेंढ्या व कोकरे यांना त्यात घेत नाहीत. बोलावताच येणे आणि सांगताच थांबणे एवढे कुत्र्याला आधीच शिकविलेले असावे लागते. फार लहान पिल्लू आणले जात नाही, कारण मेंढीची एखादी धडक किंवा लाथ बसली तरी त्याला कायमची धास्ती बसू शकते. कुत्र्याच्या गळपट्ट्याला लांब दोरी बांधून त्याला आत आणतात. प्रशिक्षक मेंढ्या व कुत्रा यांच्यामध्ये काठी घेऊन उभा राहतो आणि कुत्रा सरळ अंगावर धावू लागला, तर काठी आडवी धरून त्याला बाहेरच्या बाजूने वळसा घ्यायला लावतो. काठी मारण्यासाठी नसून केवळ वाट अडविण्यासाठी असते.

वळसा घालणे, डोके खाली करून शेपूट पाडणे व कळपातून फुटलेल्या मेंढीला परत आणणे ही अनुकूल लक्षणे होत. याउलट वर उभारलेले शेपूट बहुधा खेळाचा वा उत्तेजनेचा सूर दाखविते. भुंकणे, जमीन हुंगत राहणे किंवा मेंढ्यांकडे पाठ फिरविणे यांवरून मात्र लगेच निष्कर्ष काढत नाहीत, कारण नवख्या वासांनी गोंधळलेले कुत्रे दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेला अचानक ‘जागे’ होते. मेंढीला चावा घेऊन धरून ठेवणाऱ्या कुत्र्यास तत्काळ बाहेर काढतात. मेंढ्या धापा टाकू लागल्या किंवा कुंपणावर आदळू लागल्या, तर कुत्र्याची कामगिरी कशीही असली तरी चाचणी थांबवितात.

दक्षता : कुत्र्याला जंतनाशक दिलेले असावे, कारण हायडॅटिड रोगास कारणीभूत असलेल्या फीतकृमीचे जीवनचक्र मुख्यतः कुत्रा व मेंढी यांच्यामध्ये चालते. मेंढ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक नुकतेच दिलेले असल्यास त्यांच्या लेंड्या कुत्र्याला खाऊ देऊ नयेत. कॉली व तत्सम जातींतील अनेक कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून विषबाधा होऊ शकते.

महाराष्ट्रातील धनगरांच्या कळपांबरोबरची कुत्री प्रामुख्याने राखणदार असतात : ती लांडगा व चोर यांना दूर ठेवतात आणि कळप हाकण्याचे काम मेंढपाळ स्वतः करतो. त्यामुळे अशा कुत्र्यांना या चाचणीचे निकष लावणे अप्रस्तुत ठरते. चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे कुत्रा शिकविण्याजोगा आहे एवढेच. भरवशाचा कामकरी कुत्रा घडविण्यास त्यापुढे नियमित प्रशिक्षण व दीर्घ काळ लागतो.