फोन आपला, कुलूप कोणाचे?

२०१३ च्या उन्हाळ्यात नाशिकला जायचे होते, म्हणून आईसाठी मे महिन्यात एक नवा फोन घेतला. हप्ते नाहीत, करार नाही, सगळे पैसे एकदम मोजले. घरी आल्यावर कळले की त्यात इथल्या एकाच कंपनीचे सिमकार्ड चालते. नाशिकचे घातले की यंत्र मुके. कंपनीला विचारले तर गोड आवाजात नकार आला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, दहा मिनिटांचं काम आहे. मी काढतो ते कुलूप." मी हो म्हणणारच होतो, पण टेबलावर नागरिकत्वाचा अर्ज पडला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो भरला आहे. त्यात एक प्रश्न असतो: ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे काय? मी म्हटले, "थांब रे. आधी कायदा बघू."

बघायला गेलो आणि पार १९५६ सालात जाऊन पोहोचलो.

त्या काळी या देशात तारही कंपनीची आणि घरातले यंत्रही कंपनीचेच, भाड्याने दिलेले. 'हश-ए-फोन' नावाची एक साधी वाटी मिळे. ती बोलण्याच्या बाजूला बसवली की शेजारच्याला संभाषण ऐकू येत नसे. ना वीज, ना तार. तरी एटी अँड टी कंपनीचे म्हणणे असे की आमच्या यंत्राला परकी वस्तू लावायची नाही. आणि सरकारच्या एफसीसी या आयोगाने ते मान्य केले! १९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ग्राहकाला उपयोग होतो आणि इतरांना त्रास नाही, तर त्याला अडवणारे तुम्ही कोण, असा त्या निकालाचा आशय. पुढे टेक्ससच्या टॉम कार्टर यांनी रेडिओवरचे बोलणे टेलिफोनला जोडणारे 'कार्टरफोन' विकायला काढले, आणि १९६८ मध्ये आयोगानेच त्यांच्या बाजूने कौल दिला. आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम यांची घरगुती बाजारपेठ त्या वाटेने वाढली.

मग हे नवे कुलूप आले कुठून? १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातून. चित्रपट आणि गाण्यांची चोरी थांबावी म्हणून त्याच्या १२०१ व्या कलमाने डिजिटल कुलूप तोडण्यालाच बंदी केली. पण फोनच्या आतही सॉफ्टवेअर असते, आणि त्यावर कॉपीराइट असतोच. झाले! तीन वर्षांनी एकदा काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख अपवाद जाहीर करतात, एवढीच काय ती फट. फोनचा न्यायनिवाडा ग्रंथपालाने करावा, ही गंमत मला अजूनही पचलेली नाही.

२००७ मध्ये आयफोन आला तो एकट्या एटी अँड टीपुरता. दोन महिन्यांत न्यू जर्सीच्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने तो दुसऱ्या कंपनीवर चालवून दाखवला. दुसरे बंधन वेगळे: ॲपलने मंजूर न केलेली सॉफ्टवेअर त्यात चालत नसत. ते तोडण्याला पोरांनी नाव दिले 'जेलब्रेक', म्हणजे तुरुंगफोडी. इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशनने त्यासाठी अपवाद मागितला. ॲपलने विरोध करताना मोबाइलचे मनोरेसुद्धा बंद पाडता येतील, अशी भीती घातली. कॉपीराइट विभागाच्या प्रमुख मेरीबेथ पीटर्स यांनी हिशेब केला: ऐंशी लाखांहून अधिक बाइटांपैकी बदलतात पन्नासहून कमी. कंपनीच्या धंद्याची काळजी ही कॉपीराइटची काळजी नव्हे, असेही त्यांचे मत पडले. जुलै २०१० मध्ये फोनची तुरुंगफोडी कायदेशीर ठरली. २०१२ मध्ये टॅब्लेटला मात्र तीच सवलत नाकारली. ती मिळायला २०१५ उजाडले. २०२४ च्या फेरीतही फोनची सवलत टिकली. मात्र कुलूप तोडण्याची हत्यारे विकण्यावरची बंदी या अपवादांनी उठत नाही.

आईच्या फोनचे कुलूप कंपनी बदलण्याचे. त्याला २००६ पासून अपवाद होता, पण २०१२ च्या फेरीत तो आखडला: २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनना लागू नाही. माझी पावती मे महिन्याची! सौभाग्यवतींचा जुना फोन त्याच कपाटात होता. त्याचे कुलूप तोडले तर चालले असते, शेजारच्याचे नाही. तुरुंगवासाची शिक्षा पैशाच्या लाभासाठी जाणूनबुजून तोडणाऱ्याला आहे, आमच्यासारख्याला नाही, हेही वाचले. तरीपण अर्जावर सही करताना हात थरथरू नये, म्हणून मुलाला नको म्हटले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

व्हाइट हाउसकडे गेलेल्या निवेदनावर एक लाख चौदा हजारांवर सह्या झाल्या होत्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली आणि आपल्या फोनचे असे कुलूप काढणे पुन्हा कायदेशीर झाले. चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी काम उरकले. दहा नाही, चाळीस मिनिटे लागली. फोन मंडळातल्या एका स्नेह्यांबरोबर नाशिकला पाठवला. तोवर आईने तिथेच घेतलेल्या साध्या फोनची बटणे पाठ केली होती. आमचा काचेचा फोन तिने नातीला देऊन टाकला.