धुराची वाट

घरात ऊब कशी आणावी याचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहिला नाही, कारण देशावर आणि कोकणात त्याची तशी गरजच पडली नाही. पहाटे शेकोटीभोवती बसावे, बंबातले कढत पाणी अंगावर घ्यावे, रात्री घोंगडी ओढावी, की आपली थंडी सरली. घरात विस्तव असे तो स्वयंपाकासाठी. त्याची ऊब ही वरकड मिळकत. परंतु दिल्लीस सफदरजंग येथे १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याच्या खाली ०.६ अंशापर्यंत उतरला होता, आणि शिमला-श्रीनगरकडे तर अशा थंडीचे कोणास नवलही वाटत नाही. बदलीच्या हुकुमाने या मुलखात येऊन पडलेल्या आम्हां मंडळींस हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहत नाही.

आमच्या मते हा इतिहास ऊब मिळविण्याचा कमी आणि धुराला वाट करून देण्याचा अधिक आहे. विस्तव पेटविणे माणसास फार पूर्वीच साधले. तो बंद खोलीत ठेवून जिवंत कसे राहावे, हा प्रश्न सुटावयास मात्र पुष्कळ काळ लागला.

काश्मीरने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. पहिले म्हणजे कांगडी. मातीचे भांडे, त्याभोवती वेताप्रमाणे विणलेली काटक्यांची टोपली, आत कोळशाचे निखारे. आणि हे सारे अंगातील फेरनखाली धरून माणूस हिंडणार. येथे खोली तापवीतच नाहीत, माणूस तापवितात! युक्ती काटकसरीची खरी, पण तिची किंमत कातडीने दिली. पोटावर व मांड्यांवर वर्षानुवर्षे धग लागून होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टराने १८६६ मध्ये केली, आणि तो रोग वैद्यकात आजही कांगडीच्याच नावाने ओळखला जातो. दुसरे उत्तर हमामाचे. मशिदींतून आणि सधन घरांतून दगडी फरशीच्या खाली पोकळी ठेवून तीत लाकडे जाळतात. फरशी तापते, धूर बाहेरच्या बाहेर जातो, आणि माणसे वर निश्चिंत बसतात. रोमन लोकांची हीच रीत होती. तिसरी बुखारी, म्हणजे पत्र्याची बंद भट्टी व तिला जोडलेली, छपराबाहेर जाणारी नळी. नावाचे मूळ अरबी ‘बुखार’, म्हणजे वाफ. आपल्या कानांस मात्र त्या शब्दाने ताप आठवतो, आणि विस्तवाच्या संदर्भात तेही विसंगत वाटत नाही.

इंग्रजांनी आणली ती भिंतीतील चूल व तिचे धुराडे. १८६४ पासून शिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी ठरली, आणि दरवर्षी दप्तरांच्या पेट्यांबरोबर कारकुनांचा तांडा डोंगर चढू लागला. (कालक्याहून आगगाडी सुरू झाली ती १९०३ मध्ये, त्यापूर्वीच्या आमच्या व्यवसायबंधूंचे हाल कल्पनेनेच जाणावे.) तेथील बंगल्यांतून, आणि पुढे नव्या दिल्लीतील साहेबांच्या बंगल्यांतूनही, ही चूल दिवाणखान्यात मानाने बसली. दिसावयास शोभिवंत, पण मूळची फार उधळी! तिची बहुतेक उष्णता धुराबरोबर आकाशात जाई. हा दोष काउंट रम्फर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने ओळखला आणि १७९६ मधील आपल्या निबंधात त्यावर उपाय सांगितला. चुलीची खोली कमी करावी, दोन्ही बाजू तिरप्या ठेवाव्या, म्हणजे धग परावर्तित होऊन खोलीत येईल. आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा. उपाय गवंड्याच्या हातचा होता, म्हणूनच तो पसरला.

बंगले साहेबांचे, कारकुनाच्या वाट्यास आली शेगडी. येथे तिला अंगीठी म्हणतात. आपल्या कौलारू घरात शेगडी सहसा घात करीत नसे, कारण कौलांच्या फटींतून वारा सतत खेळे. तीच शेगडी सिमेंटच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, उशाशी ठेवली की यमदूत होते. कोळसा अर्धवट जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही व त्याला वासही येत नाही; रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडले होते. तरी उत्तरेत हिवाळ्यात रात्री अंगीठी लावून निजलेली माणसे सकाळी न उठल्याच्या बातम्या अजूनही वाचावयास मिळतात. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज माणसाचा जीव घेतो. गॅसच्या शेगडीसही हेच लागू आहे.

धुराचा प्रश्न पुरता मिटविला तो विजेने. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळविले. तिची तार लाल होईपर्यंत तापली तरी सहजी जळून तुटत नाही, आणि घरगुती हीटर शक्य झाला तो तिच्यामुळे. आता दुकानदार एकाची तारीफ करतो, शेजारी दुसऱ्याची. खरे पाहता एक हजार वॅटचा कोणताही हीटर तासाला एकच युनिट खातो आणि तितकीच उष्णता देतो. भेद आहे तो ती पोहोचविण्याच्या रीतीत. लाल सळईचा हीटर समोरच्या माणसास तापवितो. तो कांगडीचा वंशज. टेबलाशी एकटे लिहीत बसणाऱ्यास उत्तम, मात्र पडदा व रजई त्यापासून दूर हवी. तेलाचा हीटर सावकाश सारी खोली तापवितो. त्याची जागा खिडकीखाली, कारण काचेवरून उतरणारा गार झोत तेथेच अडतो. युरोपात नळाच्या रेडिएटरांस तीच जागा देण्याचा प्रघात पडला तो याच कारणाने. पंख्याचा हीटर जमिनीलगत ठेवावा, कारण ऊन हवा आपोआप वर चढते.

आणि दोन हजार वॅटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर ओढतो. जुन्या क्वार्टरांतील पाच अँपिअरच्या लहान सॉकेटात तो खोचू नये. सोळाचा मोठा सॉकेट खोलीच्या ज्या भिंतीवर असेल, तेथेच बहुधा आपल्या हिवाळ्याचे बिऱ्हाड मांडावे लागते.