कानावरच्या दोन वाट्या

परवा नातवाचे पार्सल आले. साठवलेल्या पैशांतून त्याने दीड हजार रुपयांचा गेमिंग हेडसेट मागवला होता. त्यावरून आधी आमची थोडी बोलाचाली झाली होती. "एरवीच हाकेला ओ देत नाहीस, आता कानच बंद करून बस," असे मी म्हणालो होतो. तो काही बोलला नाही.

खोक्यातून निघाली एक काळी कमान, तिच्या टोकांना मऊ गाद्यांच्या दोन वाट्या आणि डाव्या वाटीतून तोंडाशी येणारी मायक्रोफोनची दांडी. "आजोबा, घालून तर बघा," तो म्हणाला. घातला. वजनाला हलका, डोक्यावर दाब नाही. मात्र दहा मिनिटांत कान तापले. हे माझे पहिले मत.

ती दांडी पाहून जुने टेलिफोन एक्सचेंज आठवले. ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटर बाईंच्या डोक्यावर असेच काहीतरी असे. दोन्ही हात तारा जोडायला मोकळे हवेत, म्हणून ती सोय. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मन लगेच मागे धावले.

नुसते ऐकण्याची हौसही जुनीच. लंडनमध्ये १८९५ साली इलेक्ट्रोफोन नावाची सेवा सुरू झाली. वर्गणीदार घरी बसून टेलिफोनच्या तारेवरून नाटक आणि चर्चमधले प्रवचन ऐकत. पुढे रेडिओ आला आणि १९२५ मध्ये ती बंद पडली. अमेरिकेत युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाकडे पाठवले. ते पसंत पडले आणि जहाजावरचे बिनतारी संदेश त्यांतून ऐकले जाऊ लागले.

१९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. खरे तर त्यांना आपला फोनोग्राफ खपवायचा होता, पण लोकांना त्याच्यासोबतचा हेडफोनच अधिक आवडला! १९६९ मध्ये चंद्रावरून आर्मस्ट्राँगचे शब्द आले, तेही हेडसेटच्याच मायक्रोफोनमधून.

मला सर्वांत भावली ती १९७९ च्या सोनी वॉकमनची गोष्ट. पहिल्या मॉडेलला हेडफोन लावायला दोन छिद्रे होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. एकट्यानेच ऐकत बसणे बरे दिसणार नाही, अशी काळजी कंपनीचे अकिओ मोरिता यांना वाटली होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेले. लोकांना एकटेच ऐकायला आवडले.

म्हणजे या घराण्याच्या दोन शाखा. एक जगापासून कान मिटून घेणारी, दुसरी दूरच्या माणसाशी बोलणारी. नातवाचा हेडसेट कोणत्या शाखेतला, हे मी न पाहताच ठरवून टाकले होते.

संध्याकाळी त्याने तो पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवला. पलीकडून एका मुलाचा आवाज आला, "नमस्कार आजोबा!" त्याचा शाळासोबती, वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेलेला. दोघे रोज तासभर खेळतात म्हणे, आणि खेळापेक्षा गप्पाच जास्त. त्या पोराचा शब्दन् शब्द मला स्पष्ट ऐकू आला. कितीतरी दिवसांनी!

हेडसेट काढताना मी म्हणालो, "छान आहे रे." नातू हळूच म्हणाला, "आजोबा, दुपारी मी तुम्हाला तीनदा हाक मारली होती."

माझ्या कपाटाच्या खणात श्रवणयंत्र पडून आहे. डॉक्टरांनी देऊन दीड वर्ष झाले. लोक काय म्हणतील, म्हणून मी ते लावत नव्हतो. डोक्यावर एवढे मोठे धूड घालून बसायला नातवाला लाज वाटत नाही, आणि मला कानामागच्या एवढ्याशा यंत्राची वाटावी?

असो. रात्री खण उघडला. उद्या नव्या बॅटऱ्या आणायच्या आहेत.